तळघरात आलेल्या लाटा

आजच्या सभेचे आणि आपल्या समितीचेही सन्माननीय अध्यक्ष रंभाजीराव, पुण्याहून एस.टी.चे धक्के सोसत आलेले आजचे प्रमुख पाहुणे, कुमार-कादंबऱ्यांचे नामवंत लेखक, आपल्या वाचनालयाचे चिटणीस कानिफनाथराव, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले समितीचे सर्व सभासद, माझ्या शाळेतल्या सहकारी भगिनी, पारनेरचे नागरिक, सतरंजीवर बसलेल्या माझ्या वर्गातल्या मुली, आणि मागे दाराशी चहाच्या वासाने थांबलेले सज्जनहो,

आपण सर्वांनी मला निरोप देण्यासाठी एवढा घाट घातलात, शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, हार तर एवढा मोठा घातलात की मला समोरचं दिसेना. मी आपली मनापासून ऋणी आहे. मघापासून माझ्याविषयी जे बोललं गेलं ते मी कान देऊन ऐकत होते. मुक्ताबाईंचा स्वभाव गोड, मुक्ताबाई कधी कुणाला दुखवत नाहीत, असं चिटणीस म्हणाले. त्यावर सतरंजीवरच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, तेही मी पाहिलं. निरोपाच्या दिवशी माणसाविषयी खोटं बोलायची आपल्याकडे रीत आहे आणि ती मला मान्य आहे. पण मी उद्या नेवाशाला भावाकडे राहायला जाणार. मग आज तरी मी कशाला खोटं बोलू?

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. विषय दिलेला नाही, म्हणून मी माझा मला घेते. शाळेतून निवृत्त होताना मी वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीतूनही निवृत्त होते आहे. या समितीत कुमारवयीन मुलांची पुस्तकं वाचून बघायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे का आलं? बाकीच्या सभासदांना वेळ नव्हता, आणि बाईमाणसाला मुलांचं कळतं असा त्यांचा समज होता. मला मूलबाळ नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. असो. काम आलं आणि मी ते केलं. गेल्या काही वर्षांत कुमारांसाठी म्हणून जे काही छापून आलं, ते बहुतेक सगळं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. त्याबद्दल खरं तर मला दुसरी शाल मिळायला हवी.

काय असतं हो या कादंबऱ्यांत? आपल्या वाचनालयातून सर्वांत जास्त नेली जाणारी जी मालिका आहे, तिचंच उदाहरण घेऊ. लेखक समोर आहेत, तेव्हा पाठीमागे बोलल्याचा दोष मला लागणार नाही. हिचा नायक सुहास. वय वर्षे चौदा. तो पहिल्या पुस्तकात चौदाचा होता, आणि त्यानंतर एवढी पुस्तकं निघाली, तरी अजून चौदाचाच आहे. त्याला परीक्षा नाही, गृहपाठ नाही, देवी येत नाहीत, खरूज होत नाही. बारा महिने सुट्टी. सुट्टीत तो काकांच्या बंगल्यावर जातो. काकांचा बंगला कधी किल्ल्याजवळ असतो, कधी समुद्राकाठी, कधी जंगलात, कधी धरणावर. एवढे काका आणि एवढे बंगले पारनेर तालुक्यात कुणाला आहेत? असतील तर त्यांनी हात वर करावा.

तिथे एक माणूस भेटतो. त्याच्या गालावर व्रण असतो. गालावर व्रण आहे त्या अर्थी तो चोरटा व्यापार करतो, हे सुहासला लगेच कळतं, पोलिसांना मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. सुहासला एक बहीण आहे, लता. ती डबा भरते, किंकाळी फोडते, आणि मधल्या प्रकरणात तिला पळवून नेतात. सगळ्या पुस्तकांत मिळून त्या मुलीनं एकदाही डोकं चालवलेलं नाही. मी मुलींच्या शाळेत जन्म घालवला. अशी मुलगी मला तरी भेटलेली नाही. खोडसाळ भेटल्या, आळशी भेटल्या, एकीनं तर माझ्या खुर्चीला खाजकुयली लावली होती. पण लता कुठे भेटली नाही.

आणि मग येतो रामा. बंगल्यावरचा गडी. तो "व्हय जी, न्हाई जी" करतो, भुताला भितो, आणि टॉर्चला सैतानाचा डोळा समजून पळत सुटतो. पुस्तकातली मुलं त्याला हसतात. आता माझा प्रश्न ऐका. आपल्याकडची मुलं ही पुस्तकं वाचतात, तेव्हा ती स्वतःला कुठे शोधत असतील? सुहास तर ती नव्हेत. काका त्यांना नाहीत. त्यांच्या घरची बोली त्या पुस्तकात एकच माणूस बोलतो, आणि तो मूर्ख आहे. गेल्या दुष्काळात आपली पोरं खडी फोडायला गेली, त्यांच्या हाताला घट्टे पडले, आणि आपण त्यांच्या हातात काय दिलं? डोंगरावर बसून क्रीमची बिस्किटं खाणारा सुहास. मला याचा राग येतो. तो मी समितीत अनेकदा बोलून दाखवला, आणि दर वेळी माझा राग सोडून बाकी सगळं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

चित्रकथांचंही सांगते, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. मुलं वाचत नाहीत, निदान चित्रं बघायला तरी येतील, म्हणून समितीनं त्या मागवल्या. त्यांतली माणसं ढगात बोलतात. डोक्यावर ढग, ढगात वाक्य, आणि वाक्य संपलं की बुक्की. बुक्कीचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून तोही मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. एकात तर खलनायकाला या चौकटीत मिशी आणि पुढच्या चौकटीत नाही. मला वाटलं, यातच काही रहस्य असेल. शेवटपर्यंत वाट पाहिली. रहस्य एवढंच होतं की चित्रकार कंटाळला होता. अर्थात चित्रांशी माझं भांडण नाही. नगरच्या एका छोट्या छापखान्यातून निघालेली, काळ्या शाईतली एक पातळशी चित्रकथा आली होती. एक मुलगी विहिरीत पोहरा सोडते, दोर संपतो, ती ओढणीचं टोक दोराला बांधते, मग आणखी वाकते. तीन पानं एक शब्द नाही. मी श्वास धरून पानं उलटली. समितीत एक सभासद म्हणाले की यात बोलणंच नाही, मग पुस्तकाचे पैसे कसले. ती परत गेली.

तुम्ही म्हणाल, बाई, मुलांना आवडतं ना, मग तुमचं काय जातं? मुलांना कच्च्या कैऱ्याही आवडतात. म्हणून कुणी रोज त्याच वाढतं का? आणि मुलांना खरोखर आवडतं, की दुसरं काही मिळत नाही म्हणून ती हेच गोड मानून घेतात? याचं उत्तर मला मिळालं. ते कसं मिळालं, तेवढं सांगते आणि बसते. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघताहेत, मला दिसतं आहे.

आपल्या वाचनालयाची एक पद्धत आहे, ती पाहुण्यांना माहीत नसेल. पातळ पुस्तकं टिकत नाहीत, म्हणून आपण ती सुटी करून चारचार एकत्र शिवून घेतो. वर एकच जाड पुठ्ठा, खाकी कापड. काटकसर आहे, चांगली आहे. पाहुण्यांच्या चार कादंबऱ्या, किल्ल्याची, बेटाची, जंगलाची आणि धरणाची, अशाच आसारामकडे बांधायला दिल्या. आसाराम आपला जुना बांधणीवाला. त्याचा हात पोथ्यांवर बसलेला. त्यानं चारही पुस्तकं उसवून, त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे ओट्यावर मांडून ठेवले होते. चैताचे दिवस. वावटळ आली आणि फर्मे उधळले. आसारामनं ते गोळा केले आणि पोथीची पानं लावतात तसे आकडे बघून लावले. एकापासून शहाण्णवपर्यंत, चार वेळा. आकडे सगळे बरोबर लागले. फक्त किल्ल्याच्या पुढे बेट लागलं, बेटाच्या पुढे धरण, आणि धरणाच्या पोटात जंगल. मी आसारामला दोष देत नाही. पोथीत आकडा बरोबर असला की कथा बरोबर असते. इथेही तसंच असेल असं त्याला वाटलं.

हे खाकी पुस्तक कपाटात गेलं. पुढे दीड वर्ष ते आपल्या वाचनालयातून घरोघर फिरलं. पोरांनी नेलं, पोरांच्या बापांनी नेलं, मास्तरांनी नेलं. चिटणिसांनी ते वाचून वार्षिक अहवालात लिहिलं, "कथानकाची गुंफण घट्ट." दीड वर्षात एकही तक्रार आली नाही. किल्ल्यावर चढलेला सुहास बोटीतून उतरला आणि कुणाला काही वाटलं नाही. का वाटावं? तोच सुहास, तोच टॉर्च, तोच व्रण. ठिगळं कुठे आहेत हे कळायला आधी कापड वेगवेगळं असावं लागतं.

मग ते पुस्तक चांगुणानं नेलं. चांगुणा आमच्या शाळेतली मुलगी, वाचनालयाची सभासद. दुष्काळात तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर, झुंबरबाईंबरोबर, पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. दुपारी भाकरी खाऊन बाया बाभळीखाली टेकायच्या, तेव्हा ही त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. तिथे हे पुस्तक निघालं. दोन दुपारी ठीक गेल्या. तिसऱ्या दुपारी एक बाई म्हणाली, "अगं, ह्यो गडी कालच्याला गडावर हुता, आज व्हडीत कवा बसला? तू मधली पानं गाळतीस." चांगुणा म्हणाली, न्हाई गाळत. बायांचा विश्वास बसेना. पोरगी उन्हाला कंटाळून उरकते आहे, असं त्यांना वाटलं. स्वतःची आईसुद्धा रागावली.

त्या पोरीनं काय केलं असेल? घरी बसून तिनं ते अख्खं पुस्तक, एक टाकाही न उसवता, मनाशी उलगडून लावलं. कुठला तुकडा कुठल्या गोष्टीचा, हे ठरवून प्रत्येक ठिकाणी चिंचेच्या पाल्याची डहाळी ठेवली, आणि बाजाराच्या दिवशी पुस्तक घेऊन ती आपल्या वाचनालयात आली. म्हणाली, हे चुकीचं बांधलंय, दुरुस्त करा. सज्जनहो, मी इतकी वर्षं वाचन शिकवलं. वाचन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कुणीतरी करून दाखवलं.

आणि आपण काय केलं? आपण आधी आकडे बघितले. आकडे बरोबर आहेत, म्हणजे पुस्तक बरोबर आहे, पोरगी शहाणपणा करते आहे. ती हटेना, तिनं दोन जागा वाचून दाखवल्या, तेव्हा समितीची बैठक भरली. बैठकीतला युक्तिवाद मी शब्दशः सांगते, कारण असा युक्तिवाद रोज ऐकायला मिळत नाही. दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे दीड वर्ष पुस्तक चांगलंच होतं. हिच्याकडे गेलं आणि बिघडलं. शिवणही सैल झाली आहे. म्हणजे हिनंच पुस्तक उसवलं आणि पानं उलटीसुलटी घातली. ठराव झाला. "ग्रंथाची हेतुपुरस्सर नासधूस" केल्याबद्दल तिचं सभासदत्व रद्द. खरं म्हणजे शिवण कामावरच्या धुळीनं आणि उन्हानं सैल झाली होती. माझं एकटीचं मत विरुद्ध पडलं. मी आसारामकडे जाऊन विचारलं, त्यानं वावटळीचं सरळ सांगितलं, मी ते समितीपुढे ठेवलं. मला उत्तर मिळालं की ठराव होऊन गेला, आता तो मोडला तर समितीची शोभा होईल. आणि बाई, तुमचीही निवृत्ती जवळ आली, कशाला वाद घालता? पुस्तक तसंच्या तसं पुन्हा कपाटात गेलं. ते दुरुस्त करायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

समितीची शोभा टळली. पण त्या मुलीचं काय झालं? गावात तिला पुस्तकफाडी म्हणायला लागले. नळावर म्हणतात, कामावर म्हणतात. झुंबरबाई गेल्या महिन्यात माझ्याकडे आल्या होत्या. त्या सभासदत्वाचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, पोरगी आता वाचीत न्हाई. कागुद हातात घ्यायला भ्येती." मला त्या बाईकडे बघवेना. माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्या मुलींना वाचायला शिकवलं, त्यांतली जी सर्वांत चांगली वाचायला शिकली, तिला आपण वाचनाचीच भीती घातली.

आता आजच्या कार्यक्रमाकडे येते. मघाशी प्रमुख पाहुण्यांना विनंती केली की मुलांसाठी आपल्या पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवा. वाचनालयातून त्यांचं पुस्तक आणून दिलं. पान काढून मीच त्यांच्या हातात ठेवलं. पाहुणे किती सुरेख वाचतात, आवाजात कसा चढउतार आहे, आपण ऐकलंच. टाळ्याही वाजवल्यात. अध्यक्षमहाराजांनी तर मान डोलावली. मी तोच उतारा पुन्हा वाचते. माझा आवाज तितका चांगला नाही, सांभाळून घ्या.

"सुहासनं तळघराच्या दाराला कान लावला. आत कुणीतरी कुजबुजत होतं. त्यानं श्वास रोखला, टॉर्च सरसावला आणि" — इथे बत्तिसावं पान संपतं. आता तेहेतिसावं. "झेप घेतली. नाव हेलकावली. लाटांच्या गडगडाटातून तो व्रणवाला माणूस गरजला, पोरा, आता तू वाचत नाहीस."

इथे टाळ्या पडल्या होत्या. तळघरात लाटा कुठून आल्या, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाही, समितीनं विचारलं नाही, अहवाल लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही. आणि प्रमुख पाहुणे, आपण रागावू नका, पण ज्यांनी ते तळघरही लिहिलं आणि त्या लाटाही लिहिल्या, त्यांनीसुद्धा विचारलं नाही.

असू द्या, बसा. पाणी घ्या. आपला अपमान करावा असा माझा हेतू नाही. आपल्याला बोलावलं समितीनं, आपली आणखी पुस्तकं यंदाच्या अनुदानातून घ्यायचा बेतही समितीचाच. मी फक्त पान उघडून दिलं. पण आपण लेखक आहात, म्हणून एक सांगते. आपलं स्वतःचं पुस्तक आपल्याला ओळखू आलं नाही, ते बाभळीखाली बसलेल्या एका मुलीला ओळखू आलं. जे आपण झपाझप लिहून टाकलंत, ते तिनं खरं मानून वाचलं. सुहास गडावरून खाली कसा उतरला याची काळजी जगात एकाच माणसाला होती, आणि ते आपण नव्हता. असा वाचक लेखकाला जन्मात एखादा मिळतो. आपल्याला तो मिळाला होता. आपल्याच पुस्तकापायी आम्ही त्याला दाराबाहेर काढलं. पुढचं पुस्तक लिहाल तेव्हा तिच्यासाठी लिहा. मग मी नेवाशाहून विकत घेऊन वाचीन, आणि चांगलं असलं तर चांगलं म्हणेन. मला ते जमतं, फक्त सवय मोडली आहे.

चिटणीस, आपण काहीतरी लिहीत आहात. हे इतिवृत्तात घ्या. दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे पुस्तक चांगलंच होतं, हा समितीचा युक्तिवाद आज भर सभेत खोटा ठरला. साक्षीदार हे सगळं सभागृह. नासधूस कुणी केली असेल तर वाऱ्यानं केली, आणि ती दिसली नाही म्हणून वाचलेल्या सगळ्यांनी केली.

बायकांच्या बाजूला, खांबाजवळ, झुंबरबाई बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी चांगुणा आहे. तिला मी आज मुद्दाम बोलावलं. ती यायला तयार नव्हती. या इमारतीची पायरी चढणार नाही म्हणत होती. मी तिला शब्द दिला की आज इथे तिला कुणी पुस्तकफाडी म्हणणार नाही. चांगुणा, पोरी, मान वर कर. लोक तुझ्याकडे बघताहेत, बघू देत. त्यांनी बघायलाच हवं.

माझं बोलणं संपलं. आपण दिलेल्या शालीबद्दल, श्रीफळाबद्दल, आणि इतकी वर्षं माझी कटकट सहन केल्याबद्दल मी सर्वांचे आभार मानते. पाहुणे लांबून आले, त्यांचे विशेष आभार. शेवटी वक्त्यानं सभेची क्षमा मागायची असते, माझ्या बोलण्यात अधिकउणं आलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती क्षमा मी मागणार आहे. पण आधी जिची मागायची राहिली आहे तिची मागून होऊ दे, मग माझी पाळी. तिची क्षमा मी मागून भागणार नाही. त्या ठरावाखाली माझी सही नाही.

मी खाली बसते. अध्यक्षमहाराज, आता आपण उठा.